पणजोबांच्या मागे कोण होतं, आणि फोटोतली ती बाई कोण?

तुमचा प्रश्न असा आहे की पणजोबांच्या पुढे घरात कोणालाच काही माहीत नाही, गाव सुटून साठेक वर्षं झाली, ८४ वर्षांची आजी आहे पण ती "जाऊ दे ना आता" म्हणते, आणि पणजोबांच्या फोटोत शेजारी बसलेली बाई कोण हे कोणाला सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू, मोडी लिपी शिकावी लागेल का, डीएनए टेस्ट करू का, वगैरे.

मी मोडी वाचायला लागून बावीस वर्षं झाली. आधी स्वतःच्या घराण्यासाठी, मग मित्रांच्या, मग ओळखीतून ओळखी. तर सगळ्यात आधी हे सांगतो की डीएनएचे पैसे सध्या ठेवून द्या. त्यातून तुम्ही दक्षिण आशियातले आहात हे कळेल, जे आरशात फुकट कळतं. लांबचा कोणी भाऊबंद लंडनला नाहीतर न्यू जर्सीत सापडला तर सापडला, पण पणजोबांच्या वडलांचं नाव काही थुंकीत सापडत नाही.

आजीपासून सुरुवात करा. पण तिला "आपले पूर्वज कोण" असं विचारू नका, त्याला सगळ्या म्हाताऱ्यांचं उत्तर एकच असतं, "आम्हाला कोण सांगणार". तिला रीतीभाती विचारा. कुलदैवत कुठलं, देवक काय, नवरात्रात घट कोणाकडे बसतो, लग्नाचं पहिलं बोलावणं कुठल्या गावाला जातं, पितृपंधरवड्यात कुठल्या कुठल्या तिथीला पान वाढता, देव्हाऱ्यात टाक (देवाची किंवा पूर्वजाची आकृती उठवलेला धातूचा छोटा पत्रा) किती आणि कोणाचे. माणसांची नावं घर विसरून जातं पण तिथीला पान वाढायचं विसरत नाही, मला तर माझी सगळ्यात मोठी गोष्ट अशीच सापडली. ती सांगतो, कारण तुमच्या फोटोचा प्रश्न त्याच जातीचा वाटतोय.

आमच्याकडे भाद्रपद वद्य नवमीला एक सवाष्ण जेवायला असायची. अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी ती करतात हे लहानपणी मला माहीतच नव्हतं, मला एवढंच ठाऊक की त्या दिवशी खीर असते आणि शेजारच्या काकूंना ओटी भरून ब्लाउजपीस देतात. पुढे वंशावळीचं वेड लागल्यावर एकदा अचानक डोक्यात आलं की अरे, आमच्या घरात नवऱ्याआधी गेलेली बाई आहे कोण? पणजी पणजोबांच्या नंतर कितीतरी वर्षं होती, आलवणातली, मोठ्या काकांनी तिला पाहिलंय. आजी आजोबांनंतर गेली. मग नवमी कोणाची? आईला विचारलं, ती म्हणाली सासूबाई करायच्या म्हणून मी करते. काकांना विचारलं, त्यांनी "असेल कोणीतरी" म्हणून विषय संपवला. खरं तर नवरा गेला की बऱ्याच घरांत ही नवमी बंद करतात, आमच्याकडे नुसत्या सवयीने चालू राहिली होती, म्हणून बरं.

त्यानंतर दोन वर्षांनी नाशिकला एका मित्राबरोबर गेलो होतो, काम त्याचं होतं, रामकुंडावर थांबलेलो, म्हटलं आलोच आहोत तर आपल्या गावचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या ठेवणारे तीर्थावरचे पुरोहित, शोधू. कसं शोधतात तर सरळ विचारायचं, आडनाव, मूळ गाव, तालुका. गावं वाटलेली असतात, दोनतीन ठिकाणी विचारलं की "ते आमच्याकडे नाहीत, अमक्यांकडे जा" असं करत करत बरोबर माणसापर्यंत पोचतो. मूळ गाव म्हणजे पूर्वज जिथून आले ते, तुमचा आधार कार्डावरचा पत्ता नव्हे, इथेच निम्मे लोक अडकतात आणि "आमची नोंदच नाही" म्हणत परत येतात.

गुरुजींनी आतून लाल खारव्याच्या कापडात बांधलेली लांबट वही आणली. पानं उभी उलटायची, हाताने शिवलेली, कडा तेलकट झालेल्या. त्यात एका पानावर मोडीत, काळ्या शाईत, पणजोबांचं नाव. आणि खाली "दस्तुरखुद्द", म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेलं. पणजोबांचा फोटो पण नाही आमच्याकडे, आणि इथे त्यांचं अक्षर समोर होतं, थोडं उजवीकडे कललेलं, घाईतलं. शके १८४०, मार्गशीर्ष. आधी वडील, आजे, पणजे, मग भाऊ, आणि मग "कुटुंब कैलासवासी" म्हणून एका बाईचं नाव, जे आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं, त्याखाली "चिरंजीव कैलासवासी", वय वर्षे तीन. त्याच वहीत वीसेक पानं पुढे, बऱ्याच वर्षांनी ते परत आलेले, तिथे आमच्या पणजीचं नाव आणि माझ्या आजोबांचं.

शके १८४० मध्ये ७८ मिळवा. १९१८. त्या वर्षी पावसाळा संपता संपता मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाची साथ पसरली आणि ऑक्टोबरात तर गावंच्या गावं झोपली. मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर धरा. पणजोबा बायको आणि मुलाच्या अस्थी घेऊन आले होते.

मग तालुक्याला गेलो, कोतवाल बुक बघायला. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. रेकॉर्ड रूममधल्या माणसाने आधी "जीर्ण आहे, मिळणार नाही" सांगितलं, तिसऱ्या खेपेला त्याच माणसाने स्वतः गठ्ठा सोडून दिला, वाळवीने खालचा कोपरा खाल्लेला. १९१८ चा ऑक्टोबर उघडला तर रोगाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने पुढे पुढे नुसत्या रेघा ओढल्यात. आणि आमची नोंद अशी: पणजोबांचं नाव, त्यापुढे "याची बायको", वय २२, ताप. तिचं नाव नाही. चार दिवसांनी मुलगा, त्याचं नाव आहे.

हे नीट बघा म्हणजे विसरलेला पूर्वज म्हणजे काय ते कळेल. सरकारी कागदात ती "बायको" आहे, आमच्या काकांच्या वंशावळीच्या वहीत ती नाहीच कारण तिचा वंश चालला नाही, आणि तिचं नाव राहिलं एकाच ठिकाणी, जिथे श्राद्धासाठी नाव उच्चारावंच लागतं तिथे. श्राद्धात सासऱ्याचं नावही घेतात, म्हणून पणजोबांनी तेही लिहून ठेवलेलं, गावासकट. त्या गावी गेलो. तिथे नव्वदीचे एक गृहस्थ भेटले, ओसरीवर बसलेले, मी आडनाव सांगितल्याबरोबर म्हणाले, "तुमच्याकडे आमची आत्या दिलेली, तापात गेली, पोरासकट." त्यांनी तिला पाहिलेलं असणं शक्य नाही, ऐकलेलंच, पण त्यांना तिचं माहेरचं नाव पाठ होतं. म्हणजे आम्ही शंभर वर्षं विसरलो आणि तिकडे ती आत्या म्हणून जिवंत. दोन्ही नावं इथे लिहीत नाही, काकांना आवडणार नाही.

यावरून एक सवय लावून घ्या, आपल्या बाईची माहिती तिच्या माहेरच्या गावात शोधायची. सासरी नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, कागदात तर बिचारी "कोम" नाहीतर "भ्रतार" (म्हणजे अमक्याची बायको) च्या आधी एक शब्द असते. छापलेले कुळवृत्तांत बघा, पुरुषांचे चारचार ओळींचे पराक्रम आणि शेवटी "कन्या ३". संपलं. आणि कुळवृत्तांत तरी कोणाचे आहेत, ज्यांना छापायला पैसा आणि वेळ होता त्यांचे. ज्यांच्याकडे वतन नव्हतं, इनाम नव्हतं, पुरोहिताने ज्यांची वही ठेवली नाही, त्यांना "पंड्यांकडे जा" सांगणं म्हणजे चेष्टाच. त्यांच्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर, पलटणीचे कागद, गिरणीतली नोंद, महार वतनाचे कागद हे जास्त उपयोगी. शाळेच्या रजिस्टरची ताकद किती तर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव लागलं ती नोंद आजही आहे, त्यात नाव आहे "भिवा", आणि तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. घरात हाक मारायचं नाव एक, शाळेतलं एक आणि पुढे जगाला माहीत झालेलं तिसरं. तुमच्याही पणजोबांची दोन नावं असणार हे धरूनच चाला.

आता जमिनीचे कागद. गावी थोडीतरी जमीन होती ना? मग आजचा सातबारा घेऊन उलट चालत जा. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार क्रमांक असतात, प्रत्येक फेरफार काढायचा, त्यात कोण मयत, वारस कोण, कधी, सगळं असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याच्या आसपासपासून पुढचं या वाटेने मिळू शकतं. वारस फेरफारात मुली, विधवा, सावत्र भाऊ, सगळे एकदम बाहेर येतात, कारण हिस्सा म्हटला की कोणी कोणाला विसरत नाही. आणि "ए.कु.मॅ." दिसलं तर थांबा, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव थोरल्याचं असलं तरी मागे दोनतीन धाकटे भाऊ उभे असू शकतात. माझ्या एका मित्राला त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ असा सापडला, घरात सांगायचे आजोबा एकुलते एक. तो भाऊ लहानपणी दुसऱ्या आडनावाच्या घरी दत्तक गेलेला, दोन घरांत नंतर वाद झाला, बोलणं बंद, आणि एका पिढीत माणूस पुसला. त्याची नातवंडं पुण्यात दोन बस स्टॉप पलीकडे राहत होती.

मराठवाड्यातले असाल तर निजामाचे कागद, उर्दू येणारा माणूस लागेल, आणि साल फसली असेल, त्यात साधारण ५९० मिळवायचे.

मोडी स्वतः शिकायची का? शिका, महिन्या-दोन महिन्यांत छापील धडे वाचायला येतात. पण जुना हस्तलिखित कागद वेगळा. आधी आडवी रेघ ओढून ठेवलेली, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत नेलेली, शब्द तोडलेले नाहीत, विराम नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. सुरुवातीला नाव, गाव आणि साल एवढंच ओळखता आलं तरी पुरे, बाकी वाचायला जाणत्याला द्या. २०२३ ला मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना इतके फोन यायला लागले की विचारू नका, त्याआधी आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. त्या निमित्ताने बऱ्याच जिल्ह्यांनी जुने नमुने स्कॅन करून वेबसाइटवर टाकले, आरक्षणाचं तुमचं मत काहीही असो, ते स्कॅन बघून घ्या.

पेशवाईतल्या कागदापर्यंत पोचलात तर सालं अशी असतील: "सलास सबैन मया व अलफ". घाबरू नका, अरबी आकडे आहेत, उलटे वाचायचे. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२ च्या मृगापासून पुढचं वर्ष, थोरले माधवराव गेले ते. "राणोजी बिन शेटोजी" मधला बिन म्हणजे चा मुलगा, वलद म्हणजेही तेच. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत, कापडात बांधलेले गठ्ठे, पण नुसतं आडनाव घेऊन तिथे गेलात तर समुद्रात लोटा टाकल्यासारखं होईल. गाव, परगणा, आणि घराण्याकडे काही वतन इनाम होतं का, एवढं हातात पाहिजे. इनाम असेल तर १८५२ च्या इनाम कमिशनच्या चौकशीतले कागद सोनं आहेत, कारण इनाम टिकवायला लोकांना वंशावळ लिहून द्यावी लागायची. फक्त लक्षात ठेवा, ती वंशावळ कोर्टकचेरीसाठी केलेली असते. हक्क सांगणाऱ्याने नको असलेली शाखा गाळलेली मी दोनदा पकडलीय.

माझी स्वतःची चूक पण सांगून ठेवतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे राघो, त्याचा मुलगा बाळाजी, त्याचा राघो, त्याचा बाळाजी अशी साखळी चालते, आणि मी दोन राघो एकच समजून मधल्या दोन पिढ्या खाऊन टाकल्या. चार वर्षं ती चुकीची वंशावळ लॅमिनेट करून भावंडांना वाटलेली. माणूस नव्वदीत बाप होतोय असं दिसल्यावर तरी शंका यायला हवी होती, पण सापडल्याचा आनंद इतका असतो की गणित करायला कोण बसतंय. तेव्हापासून प्रत्येक नावापुढे कागद कुठला आणि साल काय ते लिहितो, आणि ऐकीव माहिती वेगळ्या शाईत.

बाहेरगावी गेलेल्यांची वाट निराळी. कुलदैवत गोव्याचं असेल तर सोळाव्या शतकात लोक बाहेर पडले तो धागा धरा, मंगेशी मुळात कुठ्ठाळीचा, पोर्तुगिजांच्या भीतीने नदीपलीकडे प्रियोळला नेला, देव हलले तशी माणसंही हलली. घरात कोणी "बसऱ्याला गेला तो आलाच नाही" असं म्हणत असेल तर ते पहिलं महायुद्ध. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, त्यानंतर कैदेत कितीजण गेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शिपायाचं नाव टाकून बघा, काही नोंदींत बापाचं नाव आणि गाव पण आहे, स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाने ऐकलेलं, त्यामुळे पाचसहा प्रकारे टाकावं लागतं. मॉरिशसला गेलेल्यांचं तसंच, तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत, प्रत्येकाला नंबर, जहाज, गाव. तिकडच्या एका मराठी बाईंनी मला पूर्वजाच्या नोंदीचा फोटो पाठवलेला, गावाच्या नावाचा इतका चुथडा की मी आठवडाभर रत्नागिरी आणि राजापूरची गावं मोठ्याने म्हणत बसलो होतो, शेवटी बायकोने स्वयंपाकघरातून ओळखलं.

अजून एक, आजीच्या "जाऊ दे ना" बद्दल. ते नेहमी कंटाळ्याचं नसतं. कोणीतरी पळून गेलेलं असतं, कोणी वेडाच्या इस्पितळात, कोणी धर्म बदललेला, कुठली तरी विधवा विहिरीत सापडलेली असते. मी एका घरात उत्साहाने विचारत सुटलो आणि म्हाताऱ्या बाई एकदम उठून आत गेल्या, परत बाहेर आल्याच नाहीत. त्यानंतर मी एवढं करतो, जुन्या माणसाने तोंड फिरवलं की वही मिटायची आणि शेंगा सोलायला बसायचं. कधी कधी तासाभराने ती स्वतःच सुरू होते. आणि जे कळेल ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही. आमच्या नवमीचं मी आधी फक्त आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बावीस वर्षांची होय? मी आपली दरवर्षी पोक्त सवाष्ण सांगत होते." पुढच्या वर्षी तिने वरच्या मजल्यावरची नवी सून बोलावली.

आता तुमचा फोटो. तो फ्रेममधून काढा, हळूच, काच चिकटली असेल तर ओढू नका, फ्रेमवाल्याकडे न्या. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीत काही लिहिलेलं असतं, आणि स्टुडिओ कुठल्या गावचा यावरून कुटुंब तेव्हा कुठे होतं ते कळतं. ती बाई पणजीच असेल असं धरू नका, आई, थोरली बहीण, वहिनी, कोणीही असू शकते. कपाळ बघा, हातात बांगड्या आहेत का बघा. आणि गळ्यात मंगळसूत्राशिवाय वेगळा छोटा टाक लोंबतोय का ते भिंगाखाली बघा, कारण दुसरेपणावर आलेली बाई आधीच्या सवतीचा टाक गळ्यात घालायची. तसा दिसला तर तुम्हाला एक नाही, दोन बायका शोधायच्यात. फोटो मोबाइलने काढताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात काढा आणि आजीच्या हातात मूळ फोटो द्या, मोबाइल नको.